शंका-समाधान : घरातील कोरीवकाम यंत्राचे दोष आणि देखभाल

मागील अंकात लाकडावर नक्षी कोरणाऱ्या छोट्या सीएनसी (म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या) यंत्राची ओळख करून दिल्यानंतर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून वाचकांची पत्रे आली. ज्यांच्या घरी किंवा पडवीत यंत्र प्रत्यक्ष चालू आहे आणि अडले आहे, त्यांचेच प्रश्न या वेळी घेतले आहेत. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, या यंत्रात आडव्या, उभ्या आणि वर-खाली अशा तीन दिशांना सरकवणाऱ्या, ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या स्टेपर मोटरी असतात, संगणकातून येणाऱ्या जी-कोडच्या, म्हणजे हालचालीच्या आज्ञांच्या, ओळी कंट्रोलर वाचतो, ड्रायव्हर ही चिप त्यानुसार मोटरींना प्रवाह देते आणि बिट, म्हणजे फिरते कोरणारे पाते, लाकडावरून नेले जाते. बिट फिरवणाऱ्या मोटरला स्पिंडल आणि तो वाहून नेणाऱ्या सरकत्या चौकटीला गॅन्ट्री म्हणतात. बहुतेक घरगुती यंत्रांच्या कंट्रोलरमध्ये जीआरबीएल ही मुक्त प्रणाली असते. पुढील उत्तरांत आलेले सेटिंगचे क्रमांक तिचेच आहेत. बिट बदलताना, आटे तपासताना किंवा कंट्रोलरची पेटी उघडताना मेन स्विच बंद करून प्लग काढलेला असावा, ही सूचना प्रत्येक उत्तराला लागू आहे.

प्रश्न : आमचे घराणे सुतारकामाचे आहे. सागाच्या फळीवर गणपतीची उठावाची नक्षी कोरतो. सकाळी लावलेले काम बिनचूक उतरते, परंतु दुपारी लावलेल्या कामात मध्येच कधीतरी नक्षी एका बाजूला सरकते आणि तिथून पुढचे सगळे काम तेवढ्याच अंतराने सरकलेले राहते. ओळखीच्या एकाने सांगितल्यावरून स्टेप्सचे सेटिंग दोन-तीन वेळा बदलले, पण फरक पडला नाही. (एक वाचक, चोपडा)

उत्तर : सर्वप्रथम ते सेटिंग मूळ आकड्यावर आणावे, कारण दोष तिथे नाही. एक मिलिमीटर सरकण्यासाठी मोटरने किती पावले टाकायची, हा आकडा यंत्राच्या रचनेतून येतो. मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावले, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो आणि आट्यांचा दांडा एका फेऱ्यात ८ मिमी पुढे नेतो, म्हणजे ३२०० भागिले ८, अर्थात मिलिमीटरला ४०० पावले. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात २ मिमी अंतराचे दाते असलेला पट्टा आणि २० दात्यांची पुली असेल, तर हाच आकडा ८० येतो. हा हिशेब सकाळी एक आणि दुपारी दुसरा असा होत नाही. तो चुकला असता तर संपूर्ण नक्षी मोठी किंवा लहान उतरली असती, मध्येच सरकली नसती.

नक्षी एकाएकी सरकते आणि सरकलेलीच राहते, तेव्हा मोटरची पावले चुकलेली असतात. या मोटरी प्रत्यक्षात कुठे पोचल्या हे कंट्रोलरला उलट कळवत नाहीत, त्यामुळे हजारातली दहा पावले हुकली तरी त्याला पत्ता लागत नाही आणि तो पुढचे काम चुकलेल्या जागेवरून सुरू ठेवतो. पावले चुकण्याची कारणे अनेक असली तरी ती शोधण्याचा क्रम पाळला तर वेळ वाचतो, आणि तो क्रम हाताने तपासता येणाऱ्या गोष्टींपासून सुरू होतो.

मोटरचा दांडा आणि आट्यांचा दांडा जोडणाऱ्या कपलिंगमध्ये बारीक ग्रब स्क्रू असतात. थरथरीने ते सैल होतात आणि मग मोटर पूर्ण फिरते, पण आटे किंचित मागे राहतात. हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून मोटरचा दांडा, कपलिंग आणि आट्यांचा दांडा या तिन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ बारीक मार्करने ओढून ठेवावी. काम सरकले की यंत्र थांबवून ती रेघ पाहावी. रेघ तुटून तिचे दोन तुकडे पुढे-मागे झालेले दिसले तर दोष सापडलाच. एलन कीने स्क्रू आवळावेत आणि मोटरच्या दांड्याला सपाट बाजू असेल तर एक स्क्रू नेमका त्या सपाटीवर बसवावा. रेघ अखंड असेल तर कपलिंग निर्दोष आहे असे समजून पुढे जावे.

त्यानंतर वीज बंद करून गॅन्ट्री एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने सावकाश न्यावी. सावकाश यासाठी की मोटर जोरात फिरवली तर तीच वीज निर्माण करते आणि ती ड्रायव्हरमध्ये शिरू शकते. हाताला एखाद्या ठिकाणी अडल्यासारखे लागले तर त्या जागी दांड्यावर भुसा आणि वंगण यांचा थर बसला असेल, किंवा दोन दांडे एकमेकांना समांतर नसतील.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा धागा मात्र ‘सकाळी बिनचूक, दुपारी चूक’ हा आहे, आणि त्यावरून मला उष्णतेचा संशय अधिक येतो. लहान यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या ए४९८८ सारख्या ड्रायव्हरमध्ये स्वतःच्या बचावाची सोय असते; चिप फार तापली की ती क्षणभर मोटरचा प्रवाह तोडते, थंड झाली की पुन्हा सुरू करते. त्या क्षणात मोटर मोकळी सुटते आणि पावले जातात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक, आणि ड्रायव्हरची पेटी बहुधा भुसा आत जाऊ नये म्हणून घट्ट बंद केलेली असते. म्हणजे आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाटच उरत नाही.

खात्री करण्यासाठी एका दुपारी प्लग काढून बिट आणि पेटीचे झाकण काढावे, मग प्लग लावून तीच फाइल हवेतच चालवावी आणि पेटीत टेबल फॅनचा झोत सोडावा. बिट नसल्यामुळे भुसा उडणार नाही. कामाच्या शेवटी गॅन्ट्री शून्यावर अचूक परत आली, आणि दुसऱ्या दुपारी पंख्याविना चुकली, तर निदान झाले. मग पेटीला ८० मिमीचा छोटा पंखा आणि हवा आत येते त्या तोंडाला धुण्याजोगी जाळी बसवावी, चिपवर उष्णता घेणारी अॅल्युमिनियमची पट्टी नीट चिकटलेली आहे का ते पाहावे. ड्रायव्हरचा प्रवाह गरजेपेक्षा अधिक ठेवलेला असेल तर तो कमी करावा, मात्र तो किती ठेवायचा हे मोटरवर लिहिलेल्या अँपिअरवरून आणि ड्रायव्हरच्या माहितीपत्रकातील सूत्रावरून ठरवावे. ड्रायव्हरवरचा प्रवाहाचा स्क्रू अंदाजाने फिरवल्यास मोटर अशक्त होऊन उलट अधिक पावले चुकतात. एवढे करूनही क्वचित सरकत असेल तर $१२० आणि $१२१ या प्रवेगाच्या सेटिंगचे आकडे एक-चतुर्थांशाने उतरवावेत. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर दोष कशाने गेला ते कळत नाही आणि तो परत आला की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

प्रश्न : मी घरी दारावरच्या नावाच्या पाट्या करते. इंग्रजी नावे स्वच्छ कोरली जातात, पण मराठी नावांत शिरोरेषेवर प्रत्येक दोन अक्षरांच्या मध्ये बारीक उभी चीर येते. काही नावांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते. बिट बदलले, वेग कमी केला, तरी तसेच. शिवाय लांब नावात शिरोरेषा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक येते. (एक वाचक, धुळे)

उत्तर : ताई, यातील पहिल्या दोन गोष्टींत यंत्राचा काहीच दोष नाही, आणि बिटावर आणखी खर्च करू नये. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेषेच्या तुकड्यासह स्वतंत्र आकृती म्हणून येते, आणि शेजारच्या अक्षराचा तुकडा त्यावर किंचित चढलेला असतो. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही काळे असल्यामुळे ते एकच दिसतात. कोरण्याचा मार्ग आखणारा प्रोग्राम मात्र प्रत्येक आकृतीची कड वेगळी धरतो आणि दोन तुकडे एकमेकांवर चढतात तिथे बिटाला त्या कडेवरून फिरवतो. तीच ती उभी चीर. काना, मात्रा आणि जोडाक्षरांच्या सांध्यांवरही नीट पाहिले तर असे ओरखडे आढळतील.

उपाय असा की, अक्षरे कोरण्याच्या प्रोग्राममध्ये टंकूच नयेत. इंकस्केप हा मोफत प्रोग्राम घ्यावा, त्यात युनिकोड फाँटमध्ये नाव टंकावे, पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टु पाथ करावे, गट सोडवावा, सगळी अक्षरे निवडून त्याच मेनूतील युनियन द्यावे आणि एसव्हीजी फाइल साठवावी. साठवण्यापूर्वी आउटलाइन दृश्यात जाऊन शिरोरेषा एकाच अखंड कडेची झाली आहे का, हे मोठे करून पाहावे. या दृश्यात भरलेला रंग जातो आणि फक्त कडा उरतात, त्यामुळे राहिलेला सांधा ताबडतोब नजरेस पडतो. वेलांटीची तक्रारही याच मार्गाने मिटते. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना क आधी आणि वेलांटी नंतर असा क्रम असतो. तिला अक्षराच्या आधी नेऊन दाखवण्याची सोय ज्या प्रोग्राममध्ये नाही तो तिला मागेच ठेवतो. इंकस्केपमध्ये ही सोय आहे, आणि एकदा अक्षरांच्या रेषा झाल्या की पुढचा कोणताही प्रोग्राम त्यांची जागा बदलू शकत नाही.

शिरोरेषेची जाडी बदलणे ही मात्र सपाटीची तक्रार आहे. व्ही आकाराचे बिट जितके खोल जाते तितकी रेषा रुंद होते. ६० अंशांच्या बिटाने ६ मिमी रुंदीची रेषा काढायची तर ते सुमारे ५.२ मिमी खोल जाते. ९० अंशांचे बिट तीच रेषा ३ मिमी खोलीत काढते. याचाच दुसरा अर्थ असा की, फळी एका टोकाला अर्धा मिलिमीटर उंच असेल तर ९० अंशांच्या बिटाने तिथली रेषा पूर्ण एक मिलिमीटरने अधिक रुंद होते, आणि ६० अंशांच्या बिटाने साधारण ०.६ मिमीने. इतर नक्षीत हा फरक खपून जातो, पण आडव्या लांब शिरोरेषेत तो लपत नाही. म्हणून बेडवर, म्हणजे यंत्राच्या तळपाटावर, एमडीएफची (दाबून केलेल्या लाकूडतंतूंची) फळी पक्की बसवावी आणि २०-२५ मिमी रुंदीच्या सपाट बिटाने यंत्राकडूनच ती एकदा पूर्ण तासून घ्यावी. मग ती यंत्राच्या चालीला समांतर होते. तासताना प्रत्येक फेरीच्या कडेला बोटाला लागणारी पायरी उमटत असेल तर स्पिंडल सरळ उभा नाही, हेही तेव्हाच कळते. पाटीची फळी दोन्ही बाजूंनी रंधलेली असावी आणि ती चारही कोपऱ्यांवर आवळलेली असावी, मध्यभागी पोकळ राहू नये. बारीक अक्षरांसाठी ६० अंशांचेच बिट ठेवावे.

प्रश्न : श्रावणात कानबाई या आपल्या खानदेशातील देवीच्या उत्सवासाठी चौरंगांच्या मागण्या असतात, आणि नेमकी तेव्हाच वीज सारखी जाते. तासाभराचे काम झाले की वीज गेली, आणि चौरंग बाद. घरी इन्व्हर्टर आहे. कंट्रोलर आणि लॅपटॉप त्यावर लावले तर चालेल का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : फक्त कंट्रोलर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर आणि स्पिंडल मुख्य विजेवर, अशी जोडणी चुकूनही करू नये. वीज गेली की स्पिंडल थांबेल, पण गॅन्ट्री चालतच राहील आणि न फिरणारे बिट लाकडात रेटले जाऊन मोडेल; तुकडा उडून डोळ्यालाही इजा होऊ शकते. जोडायचे तर सगळे एकाच ठिकाणी जोडावे. छोटा डीसी स्पिंडल असलेले यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालते, मात्र इन्व्हर्टरच्या मागील बटण यूपीएस बाजूला असावे, म्हणजे बदलाच्या क्षणी कंट्रोलर पुन्हा सुरू होणार नाही. स्पिंडलच्या जागी मोठा राउटर (लाकूड कोरण्याची विजेची मोटर) असेल तर त्याचे वॅट आणि इन्व्हर्टरची क्षमता आधी ताडून पाहावी.

त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे वीज जाणारच असे धरून काम मांडणे. यंत्राला होमिंगचे, म्हणजे टोकाला जाऊन स्वतःची जागा ओळखण्याचे, स्विच असतील तर $२२ चालू करावे आणि कामाचा शून्यबिंदू जी५४ या नोंदीत साठवावा. ही नोंद कंट्रोलरच्या कायम स्मृतीत राहते. वीज आल्यावर होमिंग केले की यंत्र तोच शून्यबिंदू पुन्हा शोधते, फळी जागची हलवलेली नसावी एवढीच अट. होमिंग नसेल तर काम सुरू करण्यापूर्वी शून्याच्या जागी, वाया जाणाऱ्या कोपऱ्यात, एक मिलिमीटरचे छोटे भोक पाडून ठेवावे आणि नंतर त्यात बिटाचे टोक बरोबर बसवून शून्य घ्यावे.

फाइल मधूनच सुरू करताना एक गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते. फाइलच्या पहिल्या काही ओळींत मिलिमीटरचे एकक, निरपेक्ष मोजणी, स्पिंडल सुरू करण्याची आज्ञा आणि वेग दिलेला असतो. मधली ओळ पकडली की या आज्ञा दिल्याच जात नाहीत. म्हणून जी२१, जी९०, एम३ आणि वेग या ओळी हाताने द्याव्यात, बिट सुरक्षित उंचीवर न्यावे, आणि वीज गेली त्या ओळीच्या बऱ्याच आधीपासून सुरुवात करावी. आधीच कोरलेल्या जागेवरून बिट रिकामे फिरले तरी नुकसान नाही. चौरंगाची नक्षी चार कोपरे आणि मध्य अशा पाच फायलींत तोडली तर नुकसानीचा आवाका आपोआप लहान होतो. वीज परत आल्यावर दाब स्थिर होईपर्यंत प्लग लावू नये.

प्रश्न : व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला की कधीकधी संगणक आणि यंत्र यांचा संपर्क तुटतो, नाहीतर अलार्म १ येतो. पावसाळ्यात असे होत नव्हते. (एक वाचक, शहादा)

उत्तर : कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नळीतून भुसा वेगाने जातो तेव्हा घर्षणाने नळीवर विद्युतभार साठतो आणि तो यंत्राच्या धातूवर उडी मारतो, पावसाळ्यातील दमट हवेत तो साठत नाही, म्हणून तेव्हा त्रास झाला नाही. नळीभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून तिचे टोक अर्थिंगला जोडावे, यंत्राची चौकटही अर्थ करावी. त्याआधी घरातील अर्थिंग खरोखर चालू आहे का, हे वायरमनकडून मोजून घ्यावे, कारण जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असूनही तिसऱ्या पिनेला तार नसल्याचे आढळते. अलार्म १ म्हणजे यंत्र टोकाच्या स्विचवर आदळले असे कंट्रोलरला वाटणे. प्रत्यक्षात आदळले नसेल तर स्विचच्या तारांत शिरलेला विजेचा गोंगाट त्याला फसवतो; तिथे जाळीच्या आवरणाची तार वापरावी आणि ती स्पिंडलच्या तारेसोबत एकाच नळीतून नेऊ नये. यूएसबी केबल आखूड, असा गोंगाट अडवणारी फेराइटची गाठ असलेली घ्यावी.

प्रश्न : सागात कोरताना कडा काळ्या पडतात आणि बिट फार लवकर बोथट होते. ३ मिमीचे दोन धारांचे बिट, २०,००० फेरे आणि मिनिटाला ३०० मिमी असा वेग ठेवतो. काम सावकाश केले तर चांगले होते, असे ऐकले होते. (एक वाचक, यावल)

उत्तर : हाताच्या पटाशीला सावकाशपणा मानवतो, फिरत्या बिटाला मानवत नाही. आपल्या आकड्यांचा हिशेब करू. मिनिटाला २०,००० फेरे आणि दोन धारा म्हणजे ४०,००० काप. ३०० मिमीला ४०,००० ने भागले तर प्रत्येक कापाच्या वाट्याला ०.००७५ मिमी लाकूड येते. इतक्या पातळ थरात धार शिरतच नाही, ती नुसती घासते. घासल्याने लाकूड जळते, बिट तापते आणि धार जाते. ३ मिमीच्या बिटाला प्रत्येक कापात ०.०३ ते ०.०५ मिमी मिळायला हवे. १०,००० फेरे ठेवले तर १०,००० गुणिले २ गुणिले ०.०४, म्हणजे मिनिटाला ८०० मिमी वेग येतो. तिथून सुरुवात करावी, आणि यंत्र नाजूक असेल तर वेग न उतरवता एका फेरीची खोली १ मिमीपर्यंत उतरवावी.

आकडे जुळले की नाही हे भुसाच सांगतो. चिमूटभर भुसा तळहातावर घ्यावा. त्यात बारीक ढलप्या दिसल्या, बोटांना खरखरीत लागल्या, तर बिट कापते आहे. पिठासारखी भुकटी असेल तर ते घासते आहे. काम थांबल्यावर आणि स्पिंडल पूर्ण स्थिर झाल्यावर बिटाजवळ बोट नेले तर ऊब लागावी, चटका नाही.

सागाबाबत आणखी एक गोष्ट आहे. या लाकडात सिलिकाचे बारीक कण असतात आणि ते कोणत्याही धारेला झिजवतात, म्हणून सागासाठी कार्बाइडचेच बिट वापरावे आणि ते इतर लाकडांपेक्षा लवकर झिजणार हे धरून चालावे. बिटावर चढलेला तेलकट काळा थर पुसला नाही तर चांगली धारही बोथट असल्यासारखी वागते. तो केरोसीनमध्ये भिजवलेल्या चिंधीने आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने निघतो. लाकूड परवानाधारक वखारीतून पावतीसह घ्यावे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना स्वस्त साग दाराशी आणून देणारे भेटतात. तो घेऊ नये.

बिट हळूहळू खोल जात असेल, म्हणजे कामाच्या सुरुवातीला खोली बरोबर आणि शेवटी अधिक, तर झेड (वर-खाली सरकवणाऱ्या) मोटरकडे बोट दाखवण्याआधी कॉलेट, म्हणजे बिट पकडून ठेवणारी चिमटी, पाहावे. भुसा वर फेकणारे बिट स्वतः खाली ओढले जाते आणि पकड सैल असेल तर ते कॉलेटमधून घसरते. ईआर११ कॉलेट आधी नटमध्ये टचकन आवाज येईपर्यंत बसवायचे असते आणि मग नट स्पिंडलवर चढवायचा. सुटे कॉलेट आत टाकून वरून नट लावल्यास ते तिरपे बसते. ३.१७५ मिमी दांड्याच्या बिटाला ३ मिमीचे कॉलेट जबरदस्तीने लावू नये.

प्रश्न : गोल कोरले की ते थोडे लंबगोल येते. (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : लंबगोलाची दिशा पाहावी. तो आडवा किंवा उभा, म्हणजे एका अक्षाच्या दिशेने ताणलेला असेल तर त्या अक्षाचे मिलिमीटरला पावलांचे सेटिंग तपासावे: यंत्राला २०० मिमी जायला सांगावे, प्रत्यक्ष अंतर मोजावे, आणि १९८ भरले तर जुना आकडा गुणिले २०० भागिले १९८ करावे. तो कोपऱ्याकडे तिरपा असेल तर गॅन्ट्री काटकोनात नाही. ३०० बाय ४०० मिमीच्या आयताचे चार कोपरे टोचून दोन्ही कर्ण मोजावेत, ते ५०० मिमीच आले पाहिजेत. आणि गोल आकार बरोबर असूनही चार ठिकाणी बारीक सपाट कडा दिसत असतील, तर दिशा बदलताना नटमध्ये मोकळीक राहते. स्प्रिंग असलेला दोन भागांचा नट बसवल्यास ती जाते. पट्ट्याच्या यंत्रात पट्ट्याचा ताण पाहावा.

प्रश्न : दुकानदाराने रोज तेल घालायला सांगितले. पण तेलावर भुसा बसून चिकट लगदा होतो. नेमके काय, कुठे आणि केव्हा घालावे? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : रोज तेल घालण्याची गरज नाही, रोज भुसा काढण्याची आहे. भुशावर घातलेले तेल हे वंगण राहत नाही, ते पॉलिशच्या लेपासारखे दांडा घासू लागते. काम संपल्यावर मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने दांडे, आटे आणि मोटरींचे कोपरे साफ करावेत. फुंकणीने किंवा ब्लोअरने उडवू नये, कारण उडालेला भुसा बेअरिंगच्या फटींत आणि कंट्रोलरमध्ये जाऊन बसतो.

वंगण भागानुसार बदलते. गोल पॉलिश केलेल्या दांड्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब चिंधीवर घेऊन पुसावे, आणि गॅन्ट्री टोकापासून टोकापर्यंत काही वेळा सरकवून वर आलेला काळा ओशट थर पुन्हा पुसून टाकावा. चिंधीवर काळे येणे थांबेपर्यंत हे करावे. आट्यांच्या दांड्याला लिथियम ग्रीसचा अगदी पातळ थर पुरतो, तोही जुना पूर्ण काढल्यावर. चौकोनी लोखंडी रेलच्या गाड्यांना ग्रीस भरण्याचे छिद्र असते, तिथेच ग्रीस द्यावे. रबरी किंवा प्लास्टिकची चाके अॅल्युमिनियमच्या पट्टीवर धावत असतील तर त्यांना काहीच लावू नये. ती कोरडीच चालतात आणि तेलाने घसरतात. गंज सोडवण्याचे फवारे बाजारात मिळतात, त्यांचा उपयोग साफ करण्यापुरता आहे. ते जुने वंगण धुऊन नेतात आणि स्वतः टिकत नाहीत.

नियमित वापर असेल तर हे काम आठवड्याला, आणि वापर सुटीपुरता असेल तर महिन्याला करावे. त्याच वेळी कपलिंगचे स्क्रू, पट्ट्याचा ताण आणि गॅन्ट्रीचे बोल्ट हाताखालून घालावेत. ब्रश असलेल्या मोटरचा किंवा राउटरचा आवाज बदलला, आतून नेहमीपेक्षा मोठ्या ठिणग्या दिसू लागल्या, तर कार्बन ब्रश काढून पाहावेत आणि झिजण्याच्या खुणेपर्यंत आले असतील तर दोन्ही एकदम बदलावेत. पावसाळ्यात यंत्र काही आठवडे बंद राहणार असेल तर दांड्यांवर तेलाचा हात जरा सढळ फिरवून वर सुती कापड टाकावे. प्लास्टिकचा कागद टाकू नये. त्याखाली दमटपणा अडकतो आणि गंज चढतो.

प्रश्न : जागेअभावी यंत्र बैठकीच्या खोलीत ठेवले आहे. सासूबाईंना दमा आहे. खिडकी उघडी ठेवून काम केले तर चालेल का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : नाही. खिडकीने मोठा भुसा कमी झाल्यासारखा वाटतो, पण छातीत खोल जाणारी बारीक भुकटी डोळ्यांना दिसत नाही आणि यंत्र बंद झाल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहते. लाकडाच्या धुळीने दमा बळावतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. यंत्र गच्चीवरच्या किंवा अंगणातल्या छपराखालच्या जागेत हलवावे. तोपर्यंत निदान एमडीएफ कोरणे घरात पूर्ण बंद करावे. त्याची धूळ सर्वांत बारीक असते आणि त्यातील गोंदात फॉर्माल्डिहाइड असते.

नव्या जागेतही यंत्राभोवती प्लायवुड आणि अॅक्रिलिकची बंद पेटी करावी, बिटाच्या तोंडाशी ब्रशचे झालर असलेली व्हॅक्यूमची नळी लावावी, आणि व्हॅक्यूमला बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर असावा, अन्यथा तो एका बाजूने ओढलेली भुकटी दुसऱ्या बाजूने खोलीत सोडतो. पेटी उघडण्यापूर्वी काही मिनिटे थांबावे. स्वतः एन९५ मुखपट्टी लावावी. ओढणी किंवा रुमाल त्याच्या जागी चालत नाही. जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि कामाचे कपडे घरात आणण्याआधी बाहेर झटकावेत.

यंत्र दुसऱ्या जागी गेले की ते लावून स्वयंपाकाला जाण्याची सवय लागते, ती लावून घेऊ नये. बोथट बिटाने किंवा सैल झालेल्या फळीने एखादी ढलपी पेटते, व्हॅक्यूम तिला ओढून भुशाच्या पिशवीत नेतो, आणि तिथे ती बराच वेळ धुमसत राहू शकते. जळका वास आला तर आधी व्हॅक्यूम बंद करावा, मग स्पिंडल, आणि पिशवी बाहेर उघड्यावर नेऊन तिच्यावर पाणी ओतावे. हाताशी कोरड्या रसायनाचे छोटे अग्निशामक असावे, आणि काम संपल्यावर पिशवीतला भुसा रात्रभर घरात ठेवू नये.